जित्या डायोडचे पाय

“जिता कापला! अरे, जिता कापला रे ह्यानं!”

ओरडत होतो मी, आणि माझ्या दोन्ही मुठींत आमच्या दाजींची कॉलर होती. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे मालक. लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. देह असा, की ते दारात उभे राहिले तर आतल्या रेडिओंची स्टेशनं पुसट व्हायची. त्या देहाला मी गदागदा हलवलं, असं मी पुढं पुष्कळ वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे दाजी जागचे हलत नव्हते; त्यांच्या कॉलरला लोंबकळून मीच हलत होतो.

दाजींच्या उजव्या हातात कटर होतं. डाव्या तळव्यावर तुरीच्या दाण्याएवढी एक चकचकीत पत्र्याची टोपी. तिचे दोन्ही पाय बुडापासून छाटलेले.

“शॉर्ट हाय ते,” दाजी म्हणाले. “मेलेलं हाय.”

“मेलेला तू हायेस!” मी म्हणालो आणि त्यांच्या नाकावर डोकं हाणलं.

नेम नाकाचा होता, लागलं भुवईवर. भुवई अशी फुटली, की रक्ताची चिळकांडी समोरच्या भिंतीवरल्या कॅलेंडरपर्यंत गेली. पुढचा सगळा महिना लाल, म्हणजे सगळेच दिवस सुट्टीचे. दाजींनी मला उचललं आणि दुरुस्तीला आलेल्या रेडिओंच्या मांडणीवर ठेवलं. ‘ठेवलं’ हा शब्द मी बहिणीच्या भिडेखातर वापरतोय. मांडणी मोडली, माझ्या बरगड्या वाजल्या आणि वर्षभर मुका पडलेला, बॅटरीवर चालणारा एक वॉल्व्हचा जुना रेडिओ त्या धक्क्यानं बोलायला लागला. त्यानं पहिलं सांगितलं ते हे, की मराठवाड्यात पावसाची शक्यता नाही.

बाहेर रिकाम्या घागरी मांडून टँकरची वाट बघत बसलेली गल्ली उठून दाराशी आली.

“कुणाला कापलं?”

“मेव्हण्याला.”

“जिता?”

“जिता म्हणून ओरडायलाय की त्योच.”

ही बातमी गोलाईला वळसा घालून चौकीत पोचली तेव्हा दोन मुडदे पडलेले होते आणि तिसऱ्याला सोलापूरला हलवलं होतं. हवालदार आला, त्यानं आत डोकावलं, आणि मुडदेच एकमेकांच्या उरावर बसलेले बघून हिरमुसला होऊन परत गेला.

आता कापलं काय होतं, ते सांगतो.

त्या साली लातूर जिल्हा नवाकोरा होता आणि पाणी नव्हतं. ह्या दोन गोष्टी एकदम आल्यानं माणूस चेकाळला होता. कलेक्टर मिळाला, लाल दिव्याची गाडी मिळाली, कचेरीवर रंग मिळाला. नळाला तेवढं पाणी मिळालं नाही. आधी माणूस नळावर भांडताना बापाचं नाव सांगायचा, आता ‘जिल्ह्याच्या ठिकाणी ऱ्हातो म्या’ म्हणून दुसऱ्याच्या डोक्यात घागर घालायचा. दवाखान्यात रोज फुटलेली डोकी यायची. पितळी घागरीची खोक वेगळी, तांब्याची वेगळी, आणि पत्र्याच्या डब्याची तर फारच वाईट. डॉक्टर नुसतं बघून सांगायचा, ही कोणत्या गल्लीतली. दोन जावांची मारामारी मी ह्या डोळ्यांनी पाहिली आहे. एकीच्या तोंडात दुसरीचा कान होता. कान सोड म्हणून सासू तिच्या पाठीत फुकणी हाणत होती आणि घागर मात्र तिघींनी मिळून सांभाळली होती.

मी तिथल्या एका कॉलेजात फिजिक्सचा टेंपररी डेमॉन्स्ट्रेटर. माझी नोकरी दर उन्हाळ्यात संपायची आणि दर पावसाळ्यात, पाऊस येवो न येवो, पुन्हा लागायची. आता नव्या जिल्ह्याच्या कॉलेजाला इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स पाहिजे होता. विद्यापीठाची कमिटी येणार, प्रयोगशाळा बघणार. कोर्स दिला तर मी कायम. नाही दिला तर काय, ते प्राचार्यांनी मला उभ्याउभ्या सांगितलं होतं: “मग औशाला वडलांच्या दुकानी बसा.” आमचं घर लिंगायत व्यापाऱ्याचं, गळ्यात लिंग आणि हातात तराजू. वडलांनी गादीवर माझी जागा खरंच राखून ठेवली होती; तिच्यावर दुसऱ्या कुणाला बसू देत नसत. सुट्टीत घरी गेलो की ते त्या रिकाम्या जागेवरची धूळ माझ्यादेखत झटकायचे. अजून एक उन्हाळा टेंपररी राहिलो तर तिथं जाऊन बसेन असा शब्द मी त्यांना देऊन चुकलो होतो. तूर, हरभरा, करडी आणि मरेपर्यंत तेच.

कमिटीला दाखवायला काहीतरी असं पाहिजे होतं, की जे त्यांनी स्वतः कधी हातात धरलेलं नसेल. म्हणून मी नांदेडला गेलो. तिथल्या एका कॉलेजात फिजिक्सचे एक सर होते. मूळ अर्धापूरचे, घरी केळीची बाग; बाग त्या साली वाळून उभी जळाली होती, पण सरांची जीभ तशीच गोड. त्यांच्या परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यानं त्यांना एक टनेल डायोड आणून दिला होता. आख्ख्या मराठवाड्यात तेवढा एकच असावा, असं मी म्हणतो. सर म्हणाले, “एकच आहे म्हणून काय पुजायचा? ने.”

काडेपेटीत कापूस घालून त्यांनी तो मला दाखवला आणि समजावला.

“साधा डायोड म्हणजे एक भिंत. वीज एकीकडून चढून जाते, दुसरीकडून चढता येत नाही. बरोबर? ह्याच्यात भिंत आहे, पण इतकी पातळ, इतकी पातळ, की इलेक्ट्रॉन चढायच्या भानगडीतच पडत नाही. आरपार निघतो.”

“भोक पाडून?”

“भोक नाही, भेग नाही. भिंत जागच्या जागी, हा पलीकडं. म्हणून तर वेग. चढणं नाही, उतरणं नाही, खोळंबा नाही. आणि दुसरी खोड ऐक. दाब थोडा वाढवला की वीज वाढते. आणखी वाढवला की कमी होते. जास्त जोर लावणाऱ्याला हा कमी देतो. नेमका तिथं त्याला धरायचा आणि कॉइल जोडायची. सर्किट आपोआप थरथरायला लागतं, रेडिओच्या लहरी सोडतं. एका सेलवर.”

मग काडेपेटी बंद करून सर जरा पुढं झुकले, कुणाच्या घरातली भानगड सांगावी तसे. “पण एक भिंत आता जुनी झाली बाबा. बाहेर आता दोन भिंतींचा करून राहिलेत. दोन पातळ भिंती, मधे एक इवलीशी खोली. त्या खोलीचा स्वतःचा एक सूर असतो. त्या सुराचा इलेक्ट्रॉन आला की दोन्ही भिंती नसल्यासारख्या. दुसरा कुणी आला की थोबाड फोडून परत. एका भिंतीपेक्षा दोन भिंतीतून जास्त सहज जातो, बघ. त्याचा वेग मोजणारं यंत्रच अजून निघायचंय म्हणतात.”

ते ऐकून मी तसाच रस्त्यानं चालत गेलो असतो तर एखादी भिंत ओलांडून पलीकडं निघालो असतो. एसटी मिळाली म्हणून वाचलो.

एसटीत चाकूरपर्यंत शांतता होती. चाकूरला एक गडी पाण्याचा कॅन घेऊन चढला आणि त्याच्या मागं एक बाई चढली, तिनं तो कॅन आपला म्हणून ओळखला. तिच्या मागं तिचे दोन भाऊ. मग त्या गड्याचे भाऊ निघाले, ते आधीपासून एसटीतच होते. बाकीच्या उतारूंनी आपापल्या मनानं बाजू निवडल्या. कंडक्टर तिकिटाच्या पेटीनं दोन्ही बाजूंना समान हाणत होता. सरकारी माणूस, पक्षपात करणार नाही. ड्रायव्हरनं गाडी पोलीस ठाण्याकडं वळवतो म्हणून धमकी दिली, तर मागून कुणीतरी त्याचीच टोपी त्याच्या डोळ्यांवर ओढली. सरांनी बाजारातून घेऊन दिलेली केळी माझ्या पोटाखाली चेंगरून त्यांची शिकरण झाली, पाठीवर कुणाकुणाचे गुडघे, पण काडेपेटी मी तोंडात धरली होती. दातांखाली. कॅन फुटला तेव्हाच मारामारी थांबली. पाणी एसटीच्या फळ्यांमधून चाकूरच्या डांबरावर गळालं आणि सगळे ते ऐकत बसले.

एवढं करून आणलेला तो डायोड.

सर्किट बांधायला मी दाजींच्या दुकानात बसलो, कारण कॉलेजाच्या, शिशाचा डाग द्यायच्या सोल्डरिंग गनचा उपयोग शिपाई चहा उकळायला करायचा. कॉइल गुंडाळून झाली, कंडेन्सर बसला. डायोड शेवटी लावायचा, म्हणून काडेपेटीतून काढून बाटलीच्या झाकणात ठेवला आणि टँकर आल्याची आरोळी ऐकून घागर घेऊन पळालो. टँकर आलाच नव्हता. शेजारच्या गल्लीनं आमच्या गल्लीची फजिती केली होती. परत आलो तोवर दाजींनी बाक आवरला होता.

दाजींच्या दुकानाचा एक कायदा होता. मीटरवर जो पार्ट मेलेला निघेल त्याचे पाय तिथल्या तिथं कापायचे. मेलेला आणि जिता दिसायला सारखेच, आणि डब्यातून चुकून कुणाच्या रेडिओत परत गेला तर दुकानाची अब्रू जाणार. म्हणून पाय कापायचे. पाय नाही तर परत चालत येणार कुठून? आणि डायोड तपासायची रीत सगळ्या जगात एकच. मीटरच्या दोन काड्या लावा, काटा हलला पाहिजे. काड्या उलट्या लावा, काटा हलता कामा नये. दोन्हीकडून हलला तर शॉर्ट. दाजींनी माझा डायोड लावला, काटा हलला. उलटा लावला, काटा आणखी जोरात हलला. दाजींनी कटर उचललं.

आता परत भांडणावर येतो. मी रेडिओंच्या ढिगाऱ्यातून उठलो आणि मीटरच उचललं. दाजींच्या खांद्याच्या हाडावर ते बसलं तेव्हा त्याची काच फुटली आणि काटा पलीकडच्या टोकाला जाऊन चिकटला. तेवढा मोठा आकडा त्यानं जन्मात दाखवला नव्हता. दाजींनी माझं डोकं काखेत धरलं. काखेतून मी ओरडत होतो, “ह्याच्यावर माझी नोकरी होती रे! तुला काय कळतंय, सुताराच्या!” दाजी सुतार नव्हते, वडलांचं भांड्यांचं दुकान होतं, पण काखेत माणसाला सुचेल ते तो बोलतो.

तेवढ्यात मागच्या घरातून ताई आली. तिनं आधी दुकान बघितलं, मग रक्त बघितलं, मग काखेतला भाऊ बघितला. तिनं माझ्या पाठीत एक दणका घातला, नवऱ्याच्या हातावर एक घातला आणि मला म्हणाली:

“दाजीला अरेतुरे करतूस? लाज न्हाई वाटत? डोकं फोड, पण तोंड सांभाळून बोल की!”

“ताई, त्यानं–”

“त्यांनी.”

“त्यांनी माझा डायोड कापला!”

“मग त्यांना ‘दाजी, तुम्ही कापलाव’ म्हण. मग मार.”

दाजींच्या भुवईतून रक्त थांबत नव्हतं. दुकानात पाणी नाही, घरात पिण्यापुरतं. जखम धुवायला ते कोण देणार? ताई मागं गेली आणि तारेवरचा एक कपड्याचा चिमटा घेऊन आली. कपडे धुवायला पाणी नव्हतं त्यामुळे चिमटे बेकारच होते. तिनं दाजींच्या भुवईची दोन्ही टोकं जवळ घेतली आणि चिमटा लावला. रक्त थांबलं.

मी काखेतून बाहेर आलो आणि त्या चिमट्याकडं बघत राहिलो. एक जबडा वरून, एक जबडा खालून, मधे स्प्रिंग.

भांडणात बाकाखाली घरंगळलेला डायोड मी शोधून उचलला; त्याचा एक पाय आतून टोपीलाच जोडलेला होता. दुसऱ्याचं नखाच्या कडेएवढं खुंट उरलं होतं. त्याला सोल्डर लावायला गेलं तर उष्णतेनं डायोड खरंच मेला असता. पण टोपी वरून दाबली आणि खुंट खालून दाबलं, तर सोल्डर पाहिजेच कशाला?

“दाजी, हलू नका,” म्हणालो आणि चिमटा ओढून काढला.

रक्त परत सुरू झालं. ताईनं मला शिव्या दिल्या त्या लिहिता येत नाहीत; त्यातल्या निम्म्या आमच्या दोघांच्या एकाच आईवर जात होत्या. घरात दुसरे चिमटे होते, हे मला नंतर सुचलं. मी बॅटरीच्या जुन्या खोळीतल्या पितळी पट्ट्या कापून चिमट्याच्या जबड्यांना लावल्या, मधे डायोड बसवला, एक सेल जोडला आणि तोच तो वर्षभर मुका असलेला रेडिओ फिरवायला लागलो. बातम्या लागल्या होत्या. कॉइलचा गाभा हळूहळू आत सरकवला. बातम्यांच्या मागून एक शिट्टी उठली. बारीक, मग खाली उतरत उतरत जाड, मग नाहीशी, मग परत वर. कॉइल हलवीन तशी ती वाकत होती. बुडापासून पाय कापलेला, मारामारीत पायदळी घरंगळलेला, एका सेलवर जगणारा माझा डायोड रेडिओत घुसून बातम्या देणाऱ्याला गप्प करत होता.

“ऐका! दाजी, ऐका! जिता हाय!”

दाजींनी भुवईला फडकं दाबून कान दिला. “रेडिओ खराब हाय,” म्हणाले.

मी त्यांना भिंत सांगितली, आरपार सांगितलं, जास्त दाबलं की कमी देतं ते सांगितलं. दाजी विचार करून म्हणाले, “एकीकडून वाट, दुसरीकडून भिंत, त्याला डायोड म्हणतेत. दोन्हीकडून वाट असंल तर मग साध्या तारेनं काय घोडं मारलंय?” ह्यावर माझ्याजवळ उत्तर होतं, पण हातात मीटर उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कमिटी आली. तीन माणसं, धुळीनं एका रंगाची झालेली. दोघं लठ्ठ आणि बोलके, अध्यक्ष मात्र काटकुळे, म्हातारे, एक शब्द न बोलणारे. रेडिओ आमच्याच दुकानाचा, म्हणून दाजी तो बॅटरीसकट खांद्यावर घेऊन प्रयोगशाळेत आले होते, भुवईला पांढरी पट्टी. आणि प्राचार्यांनी हौसेनं एक चूक केली: कमिटी येणार म्हणून टँकर मागवला. होस्टेलच्या हौदात पाणी, प्रयोगशाळेत एक भरलेला पिंप, त्यावर तांब्या.

तो टँकर कॉलेजात शिरताना अख्ख्या वस्तीनं पाहिला.

मी विजेची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लावत होतो तेव्हा फाटकाचा आवाज आला. फाटक उघडल्याचा नाही, पडल्याचा. मग माणसांचा. बायकांचे आवाज पुढं, गड्यांचे मागं. “कमिटीला पाणी आन आमच्या लेकरांला मूत का?” पहिला दगड खिडकीतून आत आला आणि फळ्यावर मी काढलेल्या आलेखावर नेमका बसला. दुसऱ्यानं मीटरपट्ट्यांचं कपाट फोडलं. कमिटीतले दोघं लठ्ठ टेबलाखाली गेले. इतक्या मोठ्या देहांना इतक्या छोट्या जागेत आरपार जाताना मी तेव्हा पाहिलं. कुणीतरी तारेवर साखळी फेकली म्हणा की घागर, ठिणग्यांचा झोत उडाला आणि वीज गेली. ऑसिलोस्कोपवरचा हिरवा ठिपका आकसत आकसत मेला.

अध्यक्ष स्टुलावर बसूनच होते. “दाखवा,” ते म्हणाले.

“सर, वीज–”

“तुम्ही म्हणालात, एका सेलवर चालतं.”

मी चिमटा लावला. खुंट पट्टीवर बसेना. दाराला धक्के बसायला लागले. दाजींनी दाराशी लोखंडी स्टूल दोन्ही हातांत धरलं होतं. पहिला गडी आत घुसला त्याला त्यांनी स्टुलाच्या पायांमधे घालून परत बाहेर लोटला. दुसऱ्यानं काठी हाणली, ती स्टुलावर मोडली. एका बाईनं रिकामी घागर सरळ त्यांच्या छातीवर घातली. दाजींनी तिला मारलं नाही. मागं वळून पिंप बघितला, लाथेनं तो दाराबाहेर ढकलला आणि दार परत अडवलं.

बाहेर सगळी माणसं त्या पिंपावर पडली. तो पिंप कुणालाच मिळाला नाही. एकमेकांचे केस, एकमेकांचे हात, एक म्हातारी खाली आणि तिच्यावर पिंप. आडवा झाला, सगळं पाणी व्हरांड्यात गेलं, आणि बायका फरशीवर गुडघे टेकून लुगड्याचे पदर बुडवून भांड्यात पिळायला लागल्या. म्हातारीच्या डोक्यातून निघालेलं रक्त त्या पाण्यात मिसळत होतं आणि तेही पिळलं जात होतं. इथं मी वाढवून सांगत नाही.

त्याच वेळेला शिट्टी लागली.

बारीक, वाकणारी, रेडिओतल्या कसल्यातरी गाण्याला चिरत जाणारी. अध्यक्षांनी मान तिरकी केली. खिडकीतून तिसरा दगड आला, टेबल हादरलं, चिमटा उडाला, शिट्टी बंद. मी डायोड उचलून दोन बोटांत, दोन पट्ट्यांमधे असा दाबला की पट्टी बोटात शिरली. शिट्टी परत लागली. जोर जास्त झाला की आवाज जायचा, जरा सैल सोडला की यायचा. मी तसाच धरून उभा राहिलो.

“भिंत एक आहे,” अध्यक्ष म्हणाले. “दोन असल्या तर?”

बाहेर पोलीस आले होते. लाठ्या कशावर पडतायत ते आवाजावरून कळत होतं: घागरीवर वेगळा, माणसावर वेगळा.

“तर मधे एक खोली होते सर,” मी ओरडून सांगितलं, कारण हळू बोललेलं ऐकू येत नव्हतं. “खोलीचा एक सूर असतो. त्या सुराचा इलेक्ट्रॉन असेल तर दोन भिंती नसल्यासारख्या. बाकीचे परत. एका भिंतीपेक्षा सहज जातो, आणि फार वेगानं.”

“कुठं वाचलंत?”

“नांदेडच्या सरांनी सांगितलं.”

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळायच्या आत पोलीस दाराशी आले. त्यांना दारात काय दिसलं, तर लोखंडी स्टूल उगारलेला, डोक्याला पट्टी बांधलेला, फाटक्या शर्टाचा एक राक्षस. दंगेखोर कसा असतो ते त्यांना शिकवलेलं असेल, तर तो हुबेहूब असाच असणार. “आमचा माणूस आहे, आमचा आहे!” मी ओरडलो. बोटांतला डायोड सोडला असता तर कदाचित वेळेवर पोचलो असतो. पहिली लाठी दाजींच्या पाठीत बसली, दुसरी मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज रेडिओच्या शिट्टीवरून ऐकू आला. स्टूल पडलं. उजवं मनगट होतं, सोल्डर धरायचं. दाजी भिंतीला टेकून खाली बसले, हात मांडीवर घेतला आणि रेडिओ फुटला का ते विचारलं.

त्या उन्हाळ्यात दुकान बंदच राहिलं. ताई माझ्याशी बोलायची, पण माझ्याकडं बघून नाही. मनगट प्लॅस्टरमधून निघालं तेव्हा वाकडं निघालं; बोटं पहिल्यासारखी बारीक तारेला वळेनात. दाजी डाव्या हातानं सोल्डर धरायला शिकत होते, आणि मी बाजूला बसून शिसं पुरवत होतो.

जूनमध्ये विद्यापीठाचं पत्र आलं. कोर्स मंजूर. मागोमाग माझी ऑर्डर, कायमची. वडलांनी औशाच्या दुकानातल्या त्या जागेवर ज्वारीचं पोतं ठेवून टाकलं, असं कळलं.

मी पेढे घेऊन दाजींच्या दुकानात गेलो. ताई आत होती, ऐकत होती. दाजी डाव्या हातानं एका ट्रान्झिस्टरचे पाय धरून होते. मी त्यांच्या पायांना हात लावला, पेढ्याचा पुडा बाकावर ठेवला आणि सगळ्या मराठवाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “दाजी, कायम झालो! तुमच्यामुळं झालो. तुम्ही दारात उभे ऱ्हायलाव म्हणून झालो. पण आता तरी म्हणा की, त्यो डायोड जिता होता!”

दाजींनी एक पेढा घेतला, खाल्ला, बोट पुसलं.

“दोन्हीकडून दाखवत होतं,” ते म्हणाले. “दोन्हीकडून दाखवलं की कापायचं असतंय.”